पांढरी वर वाढू द्या, काळी वाचेल



शहराचा विकास आराखडा हा विषय निघाला की आपण उठून बाहेर जातो. तो नगरसेवकांचा, बिल्डरांचा आणि नगररचनाकाराचा विषय, आपला विषय कापसाचा भाव, असे आपण मानतो. आपण उठून बाहेर गेल्यावर आत बसलेले लोक आपल्याच वावरावर रंगाचा कुंचला फिरवतात. कोणाचा सर्व्हे नंबर हिरवा, कोणाचा पिवळा, कोणाच्या धुऱ्यावरून १८ मीटरचा रस्ता आणि कोणाच्या विहिरीवर बगीचा, हे सगळे ठरून जाते. आपल्याला कळते ते सातबारा काढायला गेल्यावर.

म्हणून या मेळाव्यात एक विषय घेऊन यावा असे ठरवले आहे. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडाभोवती आणि रेल्वे स्टेशनाभोवती घरे दाट असावीत की नसावीत? चार मजले चढू द्यावेत की नाही? कोणी म्हणेल, कोरडवाहू शेतकऱ्याला याचे काय? आमचे म्हणणे असे की, पऱ्हाटी आणि ज्वारी पिकवणाऱ्याइतका या प्रश्नाशी दुसऱ्या कोणाचाच संबंध नाही.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनी गाव वसवताना जमिनीचे दोन भाग केले. पिकाची ती काळी आणि घरांची ती पांढरी. पांढरी थोडी आणि काळी फार. घराला घर लागून, भिंतीला भिंत लागून, एका वाड्यात चार चुली. हे दाटीने राहणे दारिद्र्यातून आलेले नव्हते. ज्यांच्याकडे शंभर शंभर एकर होते ते देशमुख-पाटीलसुद्धा पांढरीतच राहत. वावरात घर बांधणारा माणूस गावाला विचित्र वाटे. काळीतला एक गुंठा घराखाली गेला तर तो पुन्हा पिकात येत नाही, हे शिकवायला त्यांना कोणत्या नगररचना खात्याची गरज पडली नाही.

कारंजा, अचलपूर, अमरावतीची जुनी पेठ अशीच उभी राहिली. खाली दुकान, वर घर, मागे चौक. बाजाराला आलेला कुणबी दिवसभरात सगळी कामे पायी उरकून संध्याकाळी बंडी जुंपून परत जाई. तेव्हा दाट वस्ती आपल्याला नवीन नाही. नवीन आहे ती चार दिशांना सांडलेली वस्ती. आज कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. वेशीबाहेर दोन-तीन किलोमीटरपर्यंत पांढरे दगड रोवलेले, कमानीवर देवाचे नाव, आत गाजरगवत आणि मध्ये एखादे घर. तो लेआउट म्हणजे काळीचे मढे आहे. त्यात पीक नाही आणि माणूसही नाही.

गाठीला जागा, माणसाला वाट

रेल्वे आपल्या मुलखात कशासाठी आली हे आठवा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि इंग्रजाची नजर वऱ्हाडावर खिळली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला. मुख्य मार्गापासून खामगावची बाजारपेठ आत होती, तर तिच्यासाठी जलंबपासून वेगळा फाटा टाकला आणि १८७० साली तो उघडायला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला. बडनेऱ्यापासून अमरावतीलाही फाटा टाकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद मार्गाची गाडी घातली. तीच आपली शकुंतला. ती गाडी थांबून वर्षे झाली. पण तिच्या रुळाकडेची जिनिंग-प्रेसिंगची पडकी शेड अजून गावोगाव दिसते.

त्या काळच्या राज्यकर्त्याला एक गोष्ट पक्की कळत होती. गाठ स्टेशनाजवळ बांधली पाहिजे. रुई लांबून बंड्यांवर आणायची तर वाहतुकीत पैसा जातो. म्हणून जिन स्टेशनाजवळ, प्रेस स्टेशनाजवळ, गोदाम स्टेशनाजवळ. नागपूरला १८७७ साली सुरू झालेली टाटांची एम्प्रेस मिल रेल्वेच्या आसऱ्यानेच उभी राहिली.

कापसाच्या गाठीला जो न्याय मिळाला तो कापूस पिकवणाऱ्याच्या पोराला अजून मिळालेला नाही. गाठ स्टेशनाला लागून आणि माणूस स्टेशनापासून चार किलोमीटर. मिली गेल्या, जिने गेली, तरी माणसाची पाळी आली नाही. एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा राहिला. लहान गावांत जिनांच्या जागा वारसांच्या भांडणात आणि काटेरी झुडपात पडून आहेत. भर गावातली, स्टेशनाजवळची, पाण्याच्या नळाजवळची जमीन पडीक आणि गावाबाहेरची काळीभोर जमीन घराखाली, असा हा उफराटा कारभार आहे.

पुन्हा एक रेल्वे येत आहे

हे सगळे आज काढण्याला कारण आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा मार्ग कागदावरून जमिनीवर उतरत आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळमध्ये त्यातल्या वर्धा–कळंब या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन केले. देवळी, भिडी, कळंब या गावांना स्टेशन मिळाले. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव अशी ही गाडी जायची आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन यांचा हा कोरडवाहू मुलूख.

नवा मार्ग टाकताना रेल्वे वळणे टाळते, चढ टाळते, दाट वस्ती टाळते. त्यामुळे नव्या मार्गावरची स्टेशने बहुधा गावाच्या कडेला किंवा वेशीबाहेर निघतात. गाव एकीकडे, स्टेशन दुसरीकडे आणि मधल्या पट्ट्यात शेती. त्या मधल्या पट्ट्यात काय होणार हा आजचा प्रश्न आहे. काही केले नाही तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. आराखड्याचा वास आधी लागलेले चार जण तिथे एकराच्या भावाने जमीन घेतील आणि फुटाच्या भावाने विकतील. स्टेशनाला लागून दहा-पंधरा बंगले होतील आणि बाकीचे प्लॉट भाव वाढण्याची वाट पाहत रिकामे राहतील. गाडीने रोज वर्ध्याला जायची गरज ज्याला आहे, तो मात्र आणखी पलीकडच्या लेआउटात राहून पेट्रोल जाळत स्टेशनावर येईल.

जरा हिशेब करून पाहा

एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. लेआउट टाकला की रस्ते, नाल्या, खुली जागा यांत जवळजवळ निम्मी जमीन जाते. ५५ टक्के उरली असे धरा. म्हणजे सुमारे २४,००० फूट. दीड हजार फुटांचे प्लॉट पाडले तर १६ पडतात. एका प्लॉटवर एक कुटुंब. ५०० कुटुंबांना ३१ एकर लागतात.

आता तीच ५०० कुटुंबे स्टँडाजवळ चार मजल्यांत बसवा. जमिनीच्या दीडपट बांधकाम धरले तर एकरी ६५,००० फूट होते. जिना-पडवी धरून घराला ६५० फूट दिले तर एकरात १०० घरे बसतात. ५०० कुटुंबांना ५ एकर पुरतात. वाचले २६ एकर. हा हिशेब फक्त पाचशे कुटुंबांचा. तालुक्याच्या गावी एका पिढीत किती पाचशे येतात ते तुम्हीच मोजा.

कोणी म्हणेल, स्टँडाजवळची जमीन महाग, गरिबाला परवडेल कशी? तेही मांडून पाहू. बाहेरचा एकर ४० लाखांचा धरा, स्टँडाजवळचा चौपट म्हणजे १ कोटी ६० लाखांचा धरा. बाहेर ४० लाख १६ जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जमिनीचे अडीच लाख येतात. आत १ कोटी ६० लाख १०० जणांत वाटले तर १ लाख ६० हजार येतात. मजले चढवायला खर्च थोडा जास्त येतो हे खरे. पण नळ, गटार, रस्ता, विजेचा खांब हे सोळा घरांमागे नव्हे, शंभर घरांमागे वाटले जातात. महाग जमीन स्वस्त करण्याचा एकच मार्ग आहे, तिच्यावर जास्त माणसे राहू देणे. नेमका तोच मार्ग सरकारने अडवून ठेवला आहे.

घराची लेव्ही

अडवले आहे ते कसे? त्या अडवणुकीचे नाव एफ.एस.आय. जागेच्या एका फुटावर किती फूट बांधायचे याचा तो सरकारी आकडा. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात दाटीच्या जुन्या भागाबाहेर मूळ आकडा १.१ आहे. म्हणजे हजार फुटांच्या जागेवर अकराशे फूट. त्यापुढे बांधायचे तर सरकारला अधिमूल्य भरा, नाहीतर दुसऱ्याचा टी.डी.आर. विकत घ्या. तोही समोरच्या रस्त्याच्या रुंदीप्रमाणे मिळणार.

भावांनो, ही पद्धत ओळखीची वाटत नाही का? ज्वारीवर लेव्ही होती तेव्हा पिकवणारा आपण आणि किती ठेवायची ते ठरवणारा तहसीलदार. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली तेव्हा पऱ्हाटी आपली, पण सीमेपलीकडे भाव चांगला असला तरी कापूस नेला तर गुन्हा. आता जागा आपली, विटा आपल्या, कर्ज आपले; पण दुसरा-तिसरा मजला चढवायचा तर सरकारला त्याचे वेगळे पैसे. मोकळ्या हवेवर बसवलेली ही लेव्ही आहे.

मोठ्या शहराला मात्र हे नियम सैल होतात. केंद्राने २०१७ साली वाहतुकीच्या आधाराने विकास करण्याचे राष्ट्रीय धोरण आणले. स्टेशनापासून ५०० ते ८०० मीटर, म्हणजे दहा मिनिटे पायी चालण्याच्या अंतरात, वस्ती दाट करा असे ते सांगते. नागपुरात मेट्रोच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत ४ पर्यंत एफ.एस.आय. देण्याचा नियम झाला. तिथेही पैसे भरावे लागतात, पण निदान दार उघडे आहे. नागपूरला शहाणपण आणि कळंबला मनाई! मेट्रो ती वाहतूक आणि आपली लाल एसटी ती काय खेळणे? तालुक्याच्या स्टँडावर जी माणसे चढतात-उतरतात ती माणसेच नव्हेत काय?

दाट वस्ती फक्त मेट्रोलाच शोभते असेही नाही. ब्राझील देशात कुरिचिबा नावाचे शहर आहे. तिथे मेट्रो नाही. १९७४ पासून त्यांनी साध्या बसला रस्त्यात स्वतंत्र मार्ग दिला आणि उंच इमारती त्या बसमार्गांच्या कडेलाच चढू दिल्या. बस आणि घर यांचा एकत्र विचार केला. लोखंडी रुळांवाचून हे साधते.

आपल्याकडे मनाई केल्याने घरे थांबली का? नाही. ती गुंठ्यागुंठ्याने, शंभराच्या स्टँपवर, चोरून उभी राहिली. मग २००१ साली सरकारने गुंठेवारीचा कायदा करून ती दंड घेऊन नियमित केली. तेवढ्याने भागले नाही म्हणून २०२१ साली दुरुस्ती करून डिसेंबर २०२० पर्यंतची घरेही त्यात घेतली. आधी सरळ मार्गाने घर बांधू द्यायचे नाही, चोरून बांधले की दंड घ्यायचा, आणि वर गरिबावर उपकार केले म्हणून सत्कार करून घ्यायचा. सावकारालासुद्धा सुचणार नाही अशी ही युक्ती आहे.

आणि रंगाची जादू पाहा. २०१७ साली महसूल कायद्यात दुरुस्ती झाली. आराखड्यात जमीन पिवळी दाखवली असेल तर आता वेगळ्या एन.ए. परवानगीसाठी खेटे नकोत, पैसे भरले की झाले. खेटे वाचले हे चांगले झाले. पण त्याने कुंचल्याची किंमत वाढली. धुऱ्याच्या अलीकडची जमीन पिवळी, पलीकडची हिरवी. माती तीच, पाऊस तोच, भावात जमीन-अस्मानाचा फरक. जिथे एका रंगाने एवढा पैसा निर्माण होतो तिथे कुंचला धरणाऱ्याच्या दारात कोणाच्या गाड्या उभ्या राहतात हे सांगायची गरज नाही.

फाट्यावरच्या पोरींचा प्रश्न

आता घराच्या आतले बोलू. कोरडवाहू शेतीत दोन पिढ्यांचा संसार निघत नाही, म्हणून प्रत्येक घरातले एक तरी माणूस तालुक्याला जाते. पोरगी कॉलेजात, पोरगा आयटीआयला, सून दवाखान्यात किंवा दुकानात कामाला. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धे तिकीट आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना तिकीटच नाही. चांगली गोष्ट आहे. पण बसच नसेल तर अर्धे तिकीट कशाचे काढायचे?

बस का नाही? एसटी चालते ती जिथे पन्नास माणसे एका ठिकाणी उभी राहतात तिथे. पाचशे कुटुंबे एकतीस एकरांत चार दिशांना फेकली तर कोणत्याच दिशेला बस भरत नाही. भरत नाही म्हणून फेरी बंद होते. फेरी बंद म्हणून लोक दुचाकी घेतात, आणि दुचाकी घेतली म्हणून बस आणखी रिकामी होते. उरते ती काळी-पिवळी, दारे उघडी टाकून बारा जणांना कोंबणारी. ज्यांच्या घरी दुचाकी एकच आहे आणि ती बाप्याच्या हातात आहे, त्या घरातल्या पोरीचे शिक्षण शेवटच्या बसच्या वेळेवर अडकते. २०२१ च्या शेवटी संप झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी धड चालली नाही, तेव्हा खेड्यातल्या किती पोरींची शाळा सुटली हे आपण आपल्या गावात पाहिले आहे.

पोरीला तालुक्यालाच खोली घेऊन ठेवावी म्हटले तर स्टँडाजवळ खोली नाही. असली तर एका पत्र्याच्या खोलीत चौघी आणि भाडे मागतील ते. कारण स्टँडाभोवतीच्या जागेवर वर चढू दिले नाही आणि एसटीच्या मोकळ्या जागेवर, बांधा-वापरा-हस्तांतरित कराच्या नावाने, दुकानांचे गाळे काढले. गाळ्यांवर चार मजले घरांचे का नाहीत? कष्टकऱ्यांच्या मुलींचे वसतिगृह का नाही? स्टँडाच्या वरच्या मजल्यावर झोपलेली पोरगी सकाळी जिना उतरून बसमध्ये बसेल, याच्यापेक्षा सुरक्षित प्रवास कोणता?

समृद्धी महामार्गाकडे पाहा. नागपूर–मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्या चढ-उताराच्या नाक्यांजवळ नवनगरे वसवायच्या योजना काढल्या, तेही शेतातच. ज्या रस्त्यावर दुचाकी चालू देत नाहीत, तिथे आपल्यासाठी नगर! आणि जिथे दीडशे वर्षांचे स्टेशन, पंच्याहत्तर वर्षांची एसटी, शाळा, दवाखाना आणि बाजार समिती आधीच आहेत, तिथे दुसरा मजला चढवायला परवानगीचे खेटे.

तीन हरकती

पहिली हरकत गावातले शिकलेले लोक घेतात. दाट वस्ती म्हणजे झोपडपट्टी, रोगराई, गुंडगिरी. हे दाटी आणि कोंबाकोंबी यांतला फरक न कळल्याचे लक्षण आहे. एका एकरात शंभर घरे म्हणजे दाटी, एका खोलीत दहा माणसे म्हणजे कोंबाकोंबी. घरे पुरेशी होऊ दिली नाहीत की खोलीत माणसे कोंबली जातात. पाणी, गटार, हवा हे आधी झाले पाहिजे हे मात्र सोळा आणे खरे. ते न करता नुसते मजले वाढवले तर खालच्याच्या नळाला पाणी येणार नाही. म्हणून मजल्यांची परवानगी आणि पाण्याची टाकी एकाच ठरावात हवी.

दुसरी हरकत बिल्डरधार्जिणेपणाची. मजले वाढवून फायदा बिल्डरचा होणार. आज काय होते? परवानगी दुर्मिळ असल्याने ती ज्याला मिळते तोच मोठा होतो. सगळ्यांना मिळाली तर गल्लीतला मिस्त्रीसुद्धा आपल्या घरावर दोन खोल्या चढवून भाड्याने देईल. टंचाईवर पोसलेल्याला मोकळीक मारते, हे धान्याच्या बाजारात आपण पाहिले आहे.

तिसरी हरकत आपल्याच लोकांची, आणि ती सर्वांत वजनदार आहे. शहराला लागून ज्याची जमीन आहे तो म्हणेल, मी आयुष्यभर तोट्याची शेती केली. आता कुठे प्लॉटचा भाव येतोय, तर तुम्ही घरे स्टँडाजवळ न्या म्हणता. माझ्या पोटावर का पाय देता?

त्या भावाला आमचे उत्तर असे. तुझ्या जमिनीवर हिरवा रंग मारून तिला अडकवून ठेवा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. जमीन विकण्याचे तुझे स्वातंत्र्य ते तुझेच. पण तुला आज जो भाव मिळतो तो कोणाच्या हातून मिळतो ते पाहा. तू एकराने विकतोस, दलाल फुटाने विकतो. मधला पैसा तुझा नसतो. शिवाय आराखड्याने तुझ्या वावरावर शाळेचे किंवा मैदानाचे आरक्षण टाकले तर दहा वर्षे वाट पाहायची, मग खरेदीची नोटीस द्यायची, मग सुटले तर सुटले. तोवर ना विकता येते ना धड कर्ज मिळते. सांडत जाणाऱ्या शहराच्या कडेला दहा जणांची लॉटरी लागते आणि शंभर जण टांगून राहतात. आणि लॉटरी लागलेल्यानेही त्या पैशात आणखी दूरची काळीच घेतली, तर पुढल्या पिढीला तोच खेळ पुन्हा आहे.

विकू नका, भागीदार व्हा

स्टेशनाजवळच्या पट्ट्यात ज्यांची शेती येते त्यांच्यासाठी दुसरा मार्ग कायद्यातच आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यात नगररचना योजना आहे. पट्ट्यातल्या सगळ्या जमिनी एकत्र करून रस्ते-गटारे आखायची आणि प्रत्येक मालकाला त्याच पट्ट्यात आकाराने लहान पण रस्त्याला लागलेला प्लॉट परत द्यायचा. संपादन नाही, कोर्टकचेरी नाही, मालकी शेतकऱ्याचीच. गुजरातेत ही पद्धत वर्षानुवर्षे सर्रास वापरली जाते. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि नगर वसवले. जमीन विकली नाही, भांडवल म्हणून घातली. मगरपट्ट्याला पुण्याचा शेजार होता, तो कळंब-पुसदला नाही, हे कबूल. पण तत्त्व तेच. स्टेशनामुळे जो भाव चढतो त्याचा धनी दलाल नको, शेतकरी हवा.

मेळाव्यापुढे ठराव

तेव्हा जिल्हा मेळाव्याने पुढील मागण्यांचा ठराव करावा आणि तो प्रत्येक नगरपरिषदेला, नगरपंचायतीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा, असे आम्ही सुचवतो.

एक. तालुक्याच्या प्रत्येक एसटी स्टँडापासून आणि रेल्वे स्टेशनापासून दहा मिनिटे पायी चालण्याच्या पट्ट्यात तळमजला आणि वर तीन मजल्यांची परवानगी अधिमूल्याशिवाय मिळावी. लहान घरांना आणि भाड्याच्या खोल्यांना तिथे आधी जागा.

दोन. त्या पट्ट्यातून जमा होणारे विकास शुल्क त्याच पट्ट्यातल्या पाणी, गटार, पायरस्ता आणि दिव्यांवर खर्च व्हावे. शुल्क इथे आणि कारंजे भलत्याच चौकात, हे चालणार नाही.

तीन. एसटीच्या जागेवर जे बांधकाम होईल त्याच्या वरच्या मजल्यांवर घरे आणि मुलींचे वसतिगृह सक्तीचे असावे.

चार. बंद जिनिंग-प्रेसिंगच्या स्टेशनाजवळच्या जागा घरांसाठी आधी मोकळ्या कराव्यात. त्या भरेपर्यंत नव्या शेतीवर सरकारी पैशाने रस्ते आणि नळ टाकू नयेत. ज्याला बाहेर लेआउट टाकायचा त्याने टाकावा, पण त्याचा खर्च आपल्या करातून नको.

पाच. नव्या स्टेशनाच्या पट्ट्यात संपादन नको, नगररचना योजना हवी. आणि जमीनमालकांच्या लेखी संमतीने हवी.

सहा. आराखड्याचा नकाशा, सर्व्हे नंबर वाचता येतील एवढा मोठा, शेजारच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. हरकतीची मुदत त्या दिवसापासून मोजावी.

हा ठराव सरकारकडे काही मागणारा नाही हे ध्यानात घ्या. सूट नको, अनुदान नको, फुकट घर नको. जिथे बस येते तिथे माणसाला राहू द्या, एवढेच मागणे आहे. ज्या राज्यकर्त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कापसाची गाठ स्टेशनापाशी ठेवण्याचे शहाणपण होते, त्यांच्या गादीवर बसलेल्यांना माणसाबाबत ते सुचत नसेल, तर आपण सुचवू.

आपल्या तालुक्याच्या आराखड्याची सुनावणी लागली की त्या दिवशी निंदण-डवरण बाजूला ठेवा. प्रत्येक गावातून चार बाप्ये आणि चार बाया, सातबारा हातात घेऊन, नगरपरिषदेच्या पायरीवर हजर झाले पाहिजेत. नकाशावर कुंचला फिरतो तेव्हा जो खोलीत असतो त्याचीच जमीन वाचते.